गाडी रिकामी हाय, म्हणलं

गाव कोणतं विचारलं तर मी फुलंब्रीकडचं एक नाव सांगतो, कागदावर तेच हाय, पण माझा जन्म काही त्या गावात झाला नाय. आम्ही धनगर. दिवाळी झाली की बाप मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं निघायचा अन् पावसाळ्याच्या तोंडाला माघारी फिरायचा, त्या जाण्यायेण्यात कोणाच्या तरी बांधावर मी झालो. माय सांगायची, दुसऱ्या दिवशी मुक्काम हलला तवा घोड्याच्या एका अंगाला झोळीत दोन कोकरं होती अन् दुसऱ्या अंगाला मी, वजन बराबर व्हावं म्हणून. नाव ठेवलं साहेबराव. बापाला वाटलं असंल, पोरगं साहेब होईल. झालो ड्रायव्हर.

मिसरूड फुटेपर्यंत मेंढरामागंच चाललो. मग एका ट्रकवर क्लीनर राहिलो, तिथंच स्टेअरिंग हाती आलं. बाप गेल्यावर वाटणी झाली, थोरला भाऊ खंडूदादा, त्याच्याकडं मेंढरं राहिली, मी माझ्या वाट्याची विकून माल वाहायचा छोटा हत्ती घेतला, जुनाच, दुसऱ्याचा वापरलेला. हर्सूलला खोली केली, जेलच्या पलीकडं. सकाळी शहागंजात गाडी लावतो, कांद्याची पोती म्हणा, भांड्यांचे खोके म्हणा, लग्नाचं कपाट म्हणा, मिळंल ते भाडं मारतो. दादाला हे पसंत नव्हतं. अजून चारचौघांत म्हणतो, साहेबरावला चालायचा कंटाळा आला. त्याच्यावर वैनी म्हणते, चालायचा कंटाळा नाय, भाऊजीला पत्र्याखाली झोपायची आवड. वैनीचं तोंड असं हाय, पण माय गेल्यावर मला ताटात वाढलेलं तिनंच, म्हणून मी ऐकून घेतो.

आता कोकरांचं सांगतो, ते कळल्याबिगर पुढचं कळायचं नाय. मेंढरं रोज चालतात, नवं जन्मलेलं कोकरू तेवढं चालत नाय. मग कोकरं वेगळी न्यायची. पहाटं आयांना पाजू द्यायचं, मग मेंढरं चरत चरत पुढं निघतात, अन् दिवस मावळायच्या आत कोकरं पुढच्या मुक्कामाला पोचली पाहिजेत, कारण तिथं आया येतात, सडाला दूध दाटलेलं असतं, कोकरू खाली गेलं पाहिजे. नाय गेलं तर कोकराचे हाल अन् आईचे बी. आधी हे काम घोडं करायचं. घोडं म्हातारं होऊन मेलं, तवापासून कोकरं लई झाली की दादाचा फोन येतो अन् मी गाडी घेऊन जातो. घरचंच काम, त्याला भाडं कसलं.

पण गाडीत एक अडचण हाय. ब्रेक लागला की सगळी कोकरं पुढच्या पत्र्याला येऊन एकावर एक पडतात, जे खाली सापडतं ते गुदमरतं. घोड्याला ब्रेक नसतो. म्हणून मागं हौद्यात एक माणूस बसलंच पाहिजे, हातानं कोकरं वेगळी करायला. अन् कायदा काय म्हणतो, मालाच्या गाडीत मागं माणूस बसवायचं नाय. कायदा चुकीचा हाय असं मी म्हणत नाय. मागं बसलेली वऱ्हाडाची वऱ्हाडं उलटलेली मी रस्त्यावर पाहिलीत. पण आमचं हे असं.

त्या दिवशी, माघ सरत आला होता, दादाचा मुक्काम सावंगीच्या अंगाला होता अन् पुढचा मुक्काम झाल्टा फाट्याकडं, एका शेतकऱ्यानं खतासाठी शेतात मेंढरं बसवायला बोलावलं होतं. दादा अन् त्याचा साडू मेंढरं घेऊन पहाटंच गेले. मी दुपारी यायचं कबूल केलं होतं, पण शहागंजात एका गिऱ्हाइकानं माल उतरवायला वेळ लावला अन् मी पोचलो तवा ऊन कलायला लागलं होतं. वैनी कोकरं घेऊन बाभळीखाली बसलेली. मला म्हणाली, या, जेवून आलात का निजून आलात. मी मागचा फाळका पाडला. वीस-पंचवीस कोकरं असतील, त्यातली चार-पाच तर आदल्या रात्रीची, पायावर नीट उभी बी नव्हती. केबिनमध्ये बिऱ्हाड भरलं, पिठाचे डबे, अंथरुणं, डालग्यात कोंबड्या, तिथं माणसाला जागा राहिली नाय. वैनी मागं बसली, मांडीवर ती चार-पाच घेतली, बाकीची भोवती. ऊन लागू नये म्हणून एक ताडपत्री बाजूला ठेवली होती. अन् आम्ही बायपासला लागलो.

केंब्रिज चौक यायच्या बराच अलीकडं समोरून एका टेम्पोवाल्यानं डिपर दिला. मग दुसऱ्यानं दिला. आमच्या धंद्यात याचा अर्थ, पुढं पोलीस उभे हायत. मागं बाई बसलेली सापडली तर चलन तर होतंच, लायसन बी जमा होतं, हे मी दुसऱ्यांचं पाहिलेलं. परत फिरावं तर मधी दुभाजक. मी गाडी कडेला घेतली, मागं गेलो अन् वैनीला म्हणलं, वैनी, जराक आडवी हो, वरून ताडपत्री टाकतो, नाका गेला की काढतो. ती म्हणाली, कामून, मी काय कोणाचं चोरलं का. म्हणलं, तू फक्त गप पड. ती पडली, कोकरांच्या मधी, गुडघे पोटाशी घेऊन. मी ताडपत्री ओढली अन् घाईघाईत चारी कोपऱ्याला दोरीनं बांधली बी.

तेवढंच नडलं बघा. उघडी नेली असती तर एका चलनावर भागलं असतं.

नाक्यावर हवालदारानं हात केला. वयानं पोक्त होता, पान खाल्लेला. कागद बघितले, लायसन बघितलं, म्हणाला, नाव साहेबराव, मग आम्ही कोण रे. मी हसलो. हसायला येत नव्हतं तरी हसलो. म्हणाला, पीछे क्या है मामू. अन् माझ्या तोंडातून काय निघालं, म्हणलं, गाडी रिकामी हाय.

केबिनमध्ये डालग्यात कोंबड्या, मांडीला मांडी लावून पिठाचे डबे, अन् मी म्हणतो रिकामी हाय. हवालदार बिचारा मानणार बी होता, त्यानं कागद माघारी देण्यासाठी हात पुढं केला, अन् मागून एक कोकरू ओरडलं. मग दुसरं. एक ओरडलं की सगळी ओरडतात, त्याला काही इलाज नाय. हवालदारानं हात मागं घेतला.

तिथं एक मॅडम होत्या, खांद्यावर स्टार असलेल्या, वयानं माझ्या पुतणीएवढ्या असतील. त्या चालत आल्या, माझ्याकडं बघितलं नाय, सरळ मागं गेल्या अन् म्हणाल्या, दोरी सोडा. मीच बांधलेली गाठ मला सुटंना. शेवटी हवालदारानं सोडली. ताडपत्री काढली तर वैनी उठून बसली, केसांत लेंड्या, पदर घामानं चिकटलेला, मांडीवर कोकरू. मॅडम दोन पावलं मागं सरकल्या. त्यांना बाई असंल असं वाटलंच नव्हतं.

मग विचारपूस सुरू झाली. जनावरं कोणाची. आमची. तुमची हायत तर झाकली कामून. म्हणलं, उन्हासाठी. ऊन कुठं हाय आता, अन् रिकामी कामून म्हणालात. त्या भागात मेंढरं चोरीला जायच्या तक्रारी होत्या म्हणे, अशीच बंद गाडी यायची अन् घेऊन जायची, तेव्हा मॅडमच्या डोक्यात काय आलं असंल ते उघड होतं. वैनी मधीच म्हणाली, मॅडम, त्याला भ्या वाटलं, दुसरं काय नाय. मॅडम म्हणाल्या, मी त्यांना विचारतेय. वैनी कधी कोणाच्या बोलण्यावर गप बसलेली मी पाहिली नव्हती, त्या दिवशी बसली.

खूण दाखवा म्हणाल्या. आमच्या मेंढरांच्या डाव्या कानाला खालून काप असतो, बापाच्या वेळपासूनचा, पण तो कोकरू चरायला लागल्यावर मारतात. एवढ्याशा कोकराच्या कानाला कोण लावील सुरी. म्हणजे दाखवायला काही नव्हतं. मग म्हणाल्या, मालकाला फोन लावा. अन् दादाच्या घरात फोन एकच, तो वैनीच्या चंचीत. दादा तर मेंढरामागं, कुठल्या तरी पांदीनं चाललेला.

मॅडमनी वायरलेसवर ठाण्याला कळवलं. मला ऐकू येत होतं. संशयित वाहन, जनावरं, अन् तिकडून जबाब आला, ठाण्यात आणा. टोइंगची गाडी निघाली. मी म्हणलं, मॅडम, मला न्या, गाडी न्या, पण कोकरं तेवढी सोडा, दिवस मावळायच्या आत यांना आया भेटल्या पाहिजेत. त्या म्हणाल्या, जनावरांची चौकशी हाय अन् जनावरंच कशी सोडू. त्यांचं बी बराबर होतं, त्यांच्या जागेवरून बघितलं तर. मला हिस्सा विकल्याचं वाईट कधी वाटलं नव्हतं, त्या घडीला वाटलं, कारण माझं एक बी कोकरू त्यात नव्हतं. दादाची होती सगळी. दादाच्या कोकरांवर मी खोटं बोललो होतो.

हवालदारच म्हणाला, मॅडम, मेंढरं खरंच पुढं गेली असतील तर फाट्यापर्यंत माणूस पाठवून बघू. मी म्हणलं, मी जातो. मॅडम म्हणाल्या, ड्रायव्हर हलणार नाय. मग राहिली वैनी. वैनीला कोकरं सोडवंनात. दोन वेळा उठली, दोन वेळा बसली. शेवटी मांडीवरचं एक एक उचलून माझ्यापाशी ठेवलं, कोणतं कोणाचं ते सांगितलं, हे काळतोंडीचं, हे लंगडीचं, ही दोन भुरीची, अन् मला म्हणाली, एक बी मेलं भाऊजी, तर मुक्कामावर पाय ठेवायचा नाय. ओरडून नाय म्हणाली. हळू म्हणाली, त्याचाच मला लई धसका बसला. हवालदारानं एक दूधवाला थांबवला, रिकामे कॅन घेऊन चाललेला, त्याला सांगितलं, बाईला झाल्टा फाट्याला सोड. वैनी जल्मात मोटरसायकलवर बसलेली नव्हती. दोन कॅनच्या मधी बसली, दूधवाल्याच्या शर्टाला दोन्ही हातांनी धरून, अन् गेली.

मग मी अन् कोकरं. हौद्यातून खाली घेतली, लिंबाखाली. वारं सुटलं होतं, माघातलं संध्याकाळचं वारं, अंगात शिरतं. गाड्या जोरात जायच्या, दरवेळी कोकरं दचकून एकमेकांत घुसायची अन् मी हातानं वेगळी करायचो. मॅडम बाजूला उभ्या राहून मशीनवर चलन करत होत्या. गाडीचा फोटो घेतला, नंबरचा घेतला, मग मला म्हणाल्या, इकडं बघा, माझा बी घेतला. एक मागं माणूस बसवल्याचं, एक जनावरं कोंडून नेल्याचं. लायसन त्यांच्या खिशात गेलं. मग कोकरांकडं बघत म्हणाल्या,

खरं बोलला असता तर एकच चलन करून सोडलं असतं. उशीर तुम्हीच केला.

मी व्हय म्हणलं.

काळतोंडीचं जे होतं, आदल्या रात्रीचं, ते गार पडायला लागलं. मान टाकली. मी त्याचं अंग चोळलं, तोंडात बोट घालून बघितलं तर चोखंना. मला सुधरंना काय करावं, मी शर्टाची बटणं काढली अन् ते छातीशी आत घातलं, वरून बटणं लावली. लहानपणी थंडीत आम्हाला माय अशीच धरायची. जरा वेळानं त्याचं काळीज माझ्या अंगाला लागायला लागलं, टकटक. तेवढ्यात टोइंगची गाडी आली. ड्रायव्हर घाईत, म्हणाला, चला लवकर, अजून दोन ठिकाणी जायचंय. मॅडमनी घड्याळ बघितलं, सूर्य बघितला, म्हणाल्या, दिवस बुडेपर्यंत थांबा. तो कुरकुरला. त्या म्हणाल्या, मी लेखी देईन. कामून थांबल्या ते मी कधी विचारलं नाय. विचारायचा माझा हक्कच नव्हता.

सूर्य टेकला होता. हुक गाडीला लावून झाला होता. तवा मला आवाज आला. शहरातल्या माणसाला तो आवाज नुसता बें बें वाटतो, पण दाटलेलं दूध घेऊन येणाऱ्या मेंढीचा आवाज वेगळा असतो, भरलेला, अन् कोकरांनी तो माझ्या आधी ऐकला. सगळी उठली. बायपासच्या कडेच्या कच्च्या रस्त्यानं दादा येत होता, पुढं वैनी पळत, मधी वीस एक मेंढ्या. बाकीची मेंढरं साडूजवळ टाकून त्यानं नुसत्या आया वेगळ्या काढून आणल्या होत्या. ट्रकवाले हॉर्न मारत होते, दादा हातातली काठी आडवी धरून त्यांना थांबवत होता, जसा काही तोच ट्रॅफिकवाला.

आया कोकरांत घुसल्या अन् नुसता गोंधळ झाला. हुंगायच्या, सोडायच्या, दुसरं हुंगायच्या. अन् मग एकेक करून आवाज बंद झाला, कारण कोकरू सडाला लागलं की ते बी गप अन् आई बी गप. नाक्यावरचे सगळे बघत राहिले, टोइंगवाला बी. हवालदारानं एका मेंढीचा डावा कान धरला, मग दुसरीचा, मॅडमला म्हणाला, एकच खूण हाय सगळ्यांची. मॅडमनी ठाण्याला कळवलं, मालक मिळाले, खात्री झाली. हुक काढला. पण चलन राहिलं ते राहिलं, लायसन बी राहिलं. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरनं न्यावी म्हणाल्या, अन् मागं कोणी बसणार नाय. दादानं हात जोडले. मॅडम म्हणाल्या, हात नका जोडू, यांना समजावून सांगा. दादा माझ्याकडं बघून म्हणाला, हा माझं ऐकत असता तर गाडी कामून घेतली असती.

मला वाटलं, सुटलो. मी बटणं काढली अन् काळतोंडीचं कोकरू तिच्यापुढं ठेवलं. उभं राहिलं, चांगलं उभं राहिलं. तिनं हुंगलं, परत हुंगलं, अन् डोक्यानं ढकलून दिलं. माझ्या घामाचा, डिझेलचा वास. वैनी खाली बसली, कोकरू उचलून नाकाला लावलं अन् मला म्हणाली, कुठं ठेवलं होतं. मी शर्टाकडं बोट केलं. तिनं काळतोंडीचंच दूध काढून कोकराच्या पाठीला, शेपटीला चोळलं, आईनं चाटावं म्हणून. नाय चाटलं. लहानपण मेंढरात काढलं अन् एवढं साधं इसरलो. वीस वर्षं पोती उचलल्यावर हात पोत्याचेच होतात.

ते कोकरू मेलं नाय. शहागंजातला एक ड्रायव्हर बोलावून कोकरं हळूहळू मुक्कामावर नेली, तिथं दोन शेळ्या असतात, त्यातल्या एकीला ते लावलं.

पुढं आरटीओतून बोलावणं आलं. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, काही म्हणायचं हाय का. बाहेर एकानं मला शिकवलं होतं, बाई आजारी होती म्हणून सांग. मी म्हणलं, नाय साहेब, बाई ठणठणीत होती, कोकरांसाठी बसवली, अन् मी ताडपत्री टाकली ती बी खरी. त्यांनी तीन महिने लायसन बंद केलं. गाडी हर्सूलला उभी राहिली अन् मी दादाच्या मागं चाललो, गोदाकाठापर्यंत. पायाला फोड आले. वैनीनं मला मुक्कामावर येऊ दिलं, पण एक काम गळ्यात घातलं, सकाळ-संध्याकाळ शेळी धरून उभं राहायचं, ते कोकरू पिऊन होईस्तोवर. शेळी लाथा मारायची. वैनी लांबून बघायची अन् म्हणायची, धरा भाऊजी, घट्ट धरा, ही काय पिठाचा डबा नाय.

आता लायसन मिळालंय. शहागंजात परत गाडी लावतो. हौद्यात फळ्या मारून खण पाडून घेतलेत, एका खणात चार-पाचच कोकरं राहतात, म्हणजे ब्रेक लागला तरी एकावर एक पडत नायत, पण अगदीच नाय असं बी म्हणता येत नाय. वैनी पुढं केबिनमध्ये बसते, कोंबड्या मांडीवर घेऊन, अन् बिऱ्हाड दुसऱ्या खेपेला येतं. नाका दिसला की मीच गाडी कडेला घेतो, खाली उतरतो अन् ताडपत्री काढून फाळका पाडतो, बघा म्हणतो. कधी बघतात, कधी नुसतंच हातानं जा म्हणतात. पण गाडी आता हळू न्यावी लागते, ब्रेक मारायची पाळीच येऊ नये अशी, अन् मधी मधी थांबून मागं डोकवावं लागतं. बायपासला एवढं हळू कोण चालवतं, मागचे हॉर्न वाजवतात, काच खाली करून शिव्या देतात. देऊ द्या. माझी कोकरं पोचली पाहिजेत, अन् ते बी त्यांच्या घरी सुखरूप पोचोत.